नर कोकरू खच्ची करावं का? चराईवरच्या कोकरांची वाढ, मटणाची प्रत आणि खच्चीकरणाची नीट पद्धत

नर कोकरू कोणत्या महिन्यात विकायचं हे ठरलेलं नसेल, तर खच्चीकरणाचा चिमटा हातात घेऊ नये. खच्चीकरणाचा फायदा-तोटा जातीपेक्षा आणि पद्धतीपेक्षाही विक्रीच्या वयावर ठरतो. निव्वळ चराईवर वाढून सहा महिन्यांच्या आत बाजारात जाणारं कोकरू खच्ची करून हाती काही लागत नाही. दुखणं मात्र त्याच्या वाट्याला येतं आणि आठ-दहा दिवसांची वाढ बुडते. तेच कोकरू वर्षभर सांभाळायचं असेल आणि ते माद्यांच्या खांडातच, म्हणजे कळपातच, फिरणार असेल, तर त्याला तसंच ठेवल्याचा फटका वजनाला, मटणाला आणि पुढच्या पिढीलाही बसतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा होतो. गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडीकडे पाऊस कोसळतो, तर शिरोळ-हातकणंगल्याकडे तो बेताचाच पडतो. त्यामुळे पावसाळ्यात खांडं पूर्वेच्या कोरड्या मुलखाकडे सरकतात आणि दिवाळीनंतर भाताची खाचरं, तुटलेल्या उसाचे फड यांत बसायला येतात. कुणाची मेंढरं दख्खनी जातीची, कुणी जतकडून माडग्याळ जातीचा नर आणलेला, कुणी घरामागे चार-सहा कोकरं बांधून त्यांना वाडं (उसाचे हिरवे शेंडे) आणि भुस्सा घालणारा. या सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही. म्हणून आधी शरीरात काय घडतं ते समजून घेऊ, मग हिशेब आणि मग प्रत्यक्ष काम.

वाढीचं गणित शरीरात कसं चालतं

अंडकोषांतून टेस्टोस्टेरॉन हा संप्रेरक तयार होतो. तो मांस वाढवतो, हाड जाड करतो, मान आणि खांदे भरतो आणि चरबी उशिरा धरू देतो. खाल्लेल्या चाऱ्यातली प्रथिनं नराच्या अंगी जास्त लागतात. एक किलो चरबी घडवायला एक किलो मांसापेक्षा कितीतरी जास्त ऊर्जा लागते, म्हणून चांगल्या खुराकावर नर कोकरू खच्ची कोकरापेक्षा साधारण १० ते १५ टक्के वेगानं वाढतं आणि तेवढ्याच वजनासाठी त्याला चाराही कमी लागतो.

पण हे सगळं त्या संप्रेरकावर अवलंबून आहे आणि पहिले तीन-चार महिने तो रक्तात फारसा नसतोच. दूध पिणारं नर कोकरू आणि खच्ची केलेलं त्याचं भावंड यांच्या वजनात म्हणूनच नावालाच फरक दिसतो. पोटभर खाणारी कोकरं पाच-सहा महिन्यांत वयात येतात, ओढगस्तीच्या चराईवरची आणखी उशिरा. फरक दिसू लागतो तो तिथून पुढे.

दुसरी अट चाऱ्याची. संप्रेरक अंगाला वाढायला सांगतो, पण वाढायला लागणारं सामान चाऱ्यातूनच यावं लागतं. माळावरच्या वाळक्या कुसळी गवतात प्रथिनं इतकी कमी असतात की नर असो वा खच्ची, दोघंही उपाशीपोटी सारखीच रखडतात.

आकड्यांत मांडून बघा. निव्वळ चराईवर दिवसाला ६० ग्रॅम वाढणारं कोकरू ९० दिवसांत ५.४ किलो वाढतं. नराची आघाडी १० टक्के धरली, तर फरक जेमतेम अर्धा किलो. तेच कोकरू लसूणघास, मक्याचा भरडा आणि शेंगदाणा पेंड खाऊन दिवसाला १३० ग्रॅम वाढत असेल, तर ९० दिवसांत ११.७ किलो होतात आणि १५ टक्क्यांच्या हिशेबानं फरक पावणेदोन किलोंच्या घरात जातो. म्हणजे खुराक जितका चांगला, तितकं खच्चीकरण महाग पडतं. माळावर चारणाऱ्याला ते स्वस्त पडतं. बंदिस्त गोठ्यात पाळणाऱ्यानं परदेशातल्या शिफारशी वाचाव्यात, पण चराईवाल्यानं त्या तशाच्या तशा उचलू नयेत. त्यांची हिरवीगार कुरणं आणि आपला फाल्गुन-चैत्रातला माळ यांची तुलना होत नाही.

या हिशेबात एक गोष्ट हमखास सुटते. वयात आलेला नर माजावरच्या मादीमागे लागला की चरायचं विसरतो. दिवसभर हुंगणं, टकरा, पळापळ. ऐन हंगामात अशा नराचं वजन वाढायचं सोडून घटतं. खच्ची कोकरू तेव्हा खाली मान घालून चरत असतं. नर-मादी एकत्र फिरणाऱ्या खांडात संप्रेरकाची अर्धा किलोची आघाडी याच काळात बुडून जाते.

मटणाची प्रत: वास, चरबी, मऊपणा

कोल्हापूरकर मटणाच्या बाबतीत चोखंदळ. २०१९ मध्ये नुसत्या दरावरून इथं आंदोलन झालं होतं. अशा गिऱ्हाइकाला फसवता येत नाही, कारण आपल्या घरी आधी अळणी शिजतं. मीठ-हळदीत शिजलेल्या त्या पाण्यात मसाल्याचं पांघरूण नसतं. तांबड्या रश्श्यात तिखटाखाली बरंच काही झाकलं जातं, पांढऱ्या रश्श्यात नाही. नारळाच्या दुधात वयस्क मेंढ्याचा उग्र दर्प पहिल्या घोटाला कळतो.

हा वास एक नाही, दोन आहेत आणि त्यांची गल्लत झाली की उपायही चुकतो.

पहिला नराचा वास. तो चरबीत असतो, लाल मांसात फारसा नाही. फांदीदार साखळीची काही मेदाम्लं, त्यातही ४-मिथिल ऑक्टॅनॉइक आणि ४-इथिल ऑक्टॅनॉइक, या दर्पाला मुख्यतः कारणीभूत असतात. वय वाढेल आणि नर पक्व होईल तशी ती चरबीत साठत जातात. वेळेत खच्ची केलं की हा साठा कमी राहतो. बोकडाइतका उग्र दर्प मेंढ्याला येत नाही, पण वर्षाच्या पुढे गेलेल्या मेंढ्यात तो नक्की जाणवतो. सहा महिन्यांच्या आतल्या कोकरात बहुतेकांना फरक सांगता येत नाही.

दुसरा चराईचा वास. हिरव्या, कोवळ्या चाऱ्यात आणि लसूणघासासारख्या द्विदल चाऱ्यात प्रथिनं भरपूर असतात. पोटातले जंतू ती फार लवकर तोडतात आणि त्यातल्या ट्रिप्टोफॅनपासून स्कॅटोल नावाचं द्रव्य तयार होतं. तेही चरबीतच जाऊन बसतं. खच्चीकरणानं हा वास जाणार नाही, कारण त्याचं मूळ पोटात आहे. तो कमी करायचा असेल, तर विक्रीआधी दोन-तीन आठवडे कोवळा हिरवा चारा कमी करून कडबा, वाळलेलं गवत आणि थोडा मक्याचा भरडा द्यावा. काही गिऱ्हाइकांना मात्र चराईच्या मटणाची हीच चव हवी असते आणि माझंही मत त्यांच्याच बाजूचं आहे. ओमेगा-३ मेदाम्लं आणि ई जीवनसत्त्व चराईच्या मटणात जास्त असतात. शिवाय ई जीवनसत्त्वामुळे मटणाचा लाल रंग जास्त वेळ टिकतो.

चरबीची गोष्ट वेगळी. खच्ची कोकरू लवकर चरबी धरतं, कातडीखाली आणि गुर्द्याभोवती जास्त. बंदिस्त गोठ्यात हा दोष ठरतो, कारण खाटीक ती चरबी काढून टाकतो आणि तेवढा खुराक वाया गेलेला असतो. चराईवर मात्र हाच गुण होतो. दख्खनी कोकरू माळावर इतकं सुकं राहतं की मटण शिजताना कोरडं पडतं आणि रश्श्यावर तवंग येत नाही. खच्ची केल्यानं मिळणारी थोडीशी चरबी अशा कोकराला हवीच असते. त्याचा उतारा, म्हणजे जिवंत वजनाच्या मानानं मिळणारं मटण, एखाद-दुसऱ्या टक्क्यानं बरा पडतो. कारण नराचं वजन डोकं, शिंगं, कातडं आणि अंडकोष यांत वाटलं जातं, ज्याला मटणाचा भाव नाही.

मऊपणात सहा महिन्यांपर्यंत फरक नगण्य. वर्षाच्या आसपास नराच्या मांसातले जोडधागे पक्के होत जातात आणि मटण शिजायला वेळ लागतो. पण चिवट मटणाचा दोष नेहमी नराच्या माथी मारणं बरोबर नाही. पुष्कळदा तो कापण्याआधीच्या आणि नंतरच्या हाताळणीचा असतो. त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

पायरी १: विक्रीचा महिना धरून मागे मोजा

वही घ्या आणि जन्माचा महिना, विक्रीचा महिना आणि गिऱ्हाईक या तीन गोष्टी लिहा.

कार्तिकात जन्मलेलं कोकरू चैत्र-वैशाखातल्या जत्रांना विकायचं असेल, तर ते पाच-सहा महिन्यांचं असेल. खच्ची करू नका. तेच पुढे पावसाळा काढून दसरा-दिवाळीपर्यंत न्यायचं असेल, तर वय अकरा-बारा महिने होतं. खच्ची करा आणि तेही लहानपणी. सात-आठ महिन्यांची विक्री ही मधली जागा. तिथं नर वेगळे चारायची सोय असेल तर तसेच ठेवा, नसेल तर खच्ची करा.

गिऱ्हाइकाला आधी विचारून ठेवा. देवाच्या कार्यासाठी काही घरांत खच्ची न केलेलाच नर लागतो. बकरी ईदच्या कुर्बानीला खच्ची मेंढा पुष्कळ लोक आवडीनं घेतात, मात्र त्यांना वयाची अट आणि अंगावर व्यंग नसणं महत्त्वाचं असतं. अशा गिऱ्हाइकासाठी चिमट्यानं खच्ची केलेला नर बरा, कारण त्याची पिशवी जागेवर राहते. पेठ वडगावसारख्या बाजारात व्यापारी हात लावून बघतो आणि मगच बोली लावतो. तिथं अर्धवट खच्ची झालेला नर दोन्हीकडून जातो.

पायरी २: पैदाशीचे नर आधी बाजूला काढा

घाईनं सगळीच कोकरं खच्ची करण्यात सर्वांत मोठं नुकसान आहे, असं मला वाटतं. खांडातला सर्वांत चांगला वाढणारा नर सहसा सर्वांत आधी विकला जातो, कारण त्याला भाव येतो. मागे उरलेला रोडका नर मग पैदास करतो. दोन-तीन पिढ्यांत खांडाचं वजन उतरतं आणि दोष गवताला दिला जातो.

पद्धत साधी आहे. जन्मल्यावर कोकराच्या कानात बिल्ला मारा आणि आई कोणती ते लिहा. तीन महिन्यांचं झाल्यावर वजन करा. जुळ्यांतलं कोकरू एकट्या कोकरापेक्षा थोडं हलकं असलं तरी त्याला बाद करू नका, कारण जुळं देण्याचा गुण खांडाला हवा असतो. फलटणच्या निंबकर संस्थेनं नारी सुवर्णा मेंढी उभी केली ती याच गुणाच्या बळावर. आईचं दूध, खुरं, जबडा आणि दोन्ही अंडकोष सारखे व टणक आहेत का, हे बघा. २५ ते ३० मेंढ्यांना एक नर पुरतो. त्या हिशेबानं लागतील त्याच्या दुप्पट नर राखून ठेवा आणि उरलेल्यांचा विचार खच्चीकरणासाठी करा.

इथं एक पेच येतो. पहिल्या आठवड्यात खच्ची करणं कोकराला कमी त्रासाचं, पण तेव्हा कोणतं कोकरू चांगलं निघणार हे कळत नाही. तीन महिन्यांनी ते कळतं, पण तेव्हा दुखणं जास्त. मी मधला रस्ता सुचवेन. आईची नोंद आणि पहिल्या महिन्यातली वाढ पाहून पहिली चाळणी लावा आणि सहा ते दहा आठवड्यांत काम उरका.

नर अजिबात खच्ची न करता पैदास रोखायची असेल, तर चार महिन्यांनंतर नर कोकरं वेगळ्या वाघरीत (जाळीच्या कुंपणात) बसवा आणि वेगळी चारा. मनुष्यबळ नसेल, तर नराच्या पोटाखाली जाड कापड बांधायची जुनी रीत आहे. ती चालते, पण रोज बघावं लागतं, कारण ओल्या कापडानं कातडी चिघळते.

पायरी ३: पद्धत निवडा

रबरी रिंग पहिल्या आठवड्यातल्या कोकरासाठीच. जन्मल्यावर पहिले २४ तास ती लावू नका. आधी चीक पोटात जाऊ द्या आणि आईशी ओळख घट्ट होऊ द्या. दोन्ही अंडकोष रिंगच्या खाली आहेत आणि सडाची छोटी बोंडं रिंगच्या वर आहेत, हे बोटांनी चाचपून मगच रिंग सोडायची. पिशवी तीन ते सहा आठवड्यांत वाळून गळते. रिंगमधला सर्वांत मोठा धोका धनुर्वाताचा, कारण मेलेल्या कातडीखाली त्या जंतूंना हवी तशी बिनहवेची जागा मिळते.

बर्डिझो चिमटा हा आपल्याकडचा सर्वांत सोयीचा मार्ग. कातडी फुटत नाही, रक्त नाही, जखम नाही, माशी बसत नाही. कातडीच्या आत अंडकोषाकडे जाणाऱ्या शिरा आणि नळी चिरडली जाते आणि अंडकोष आपोआप सुकतो.

शस्त्रक्रिया पशुवैद्यकानंच करायची. मोठ्या नरासाठी, किंवा चिमट्याचं काम फसलं असेल तर. पावसाळ्यात ती टाळलेलीच बरी. ओल्या जखमेत दोन दिवसांत किडे पडतात.

दगडानं किंवा दांडक्यानं ठेचणं पूर्ण बंद झालं पाहिजे. जनावर तडफडतं, पिशवीत रक्त साकळतं, पू होतो आणि कित्येकदा एक बाजू जिवंत राहते ती राहतेच. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात खच्चीकरणाला मुभा आहे, पण ठरवून दिलेल्या पद्धतीनंच.

पायरी ४: तयारी

हंगाम मार्गशीर्ष ते माघ. हवा कोरडी, थंड आणि माशा कमी. कार्तिकातली कोकरं तेव्हा नेमकी योग्य वयाची असतात. मेंढीला गाभणपणी शेवटच्या महिन्यात धनुर्वात आणि आंत्रविषाराची (आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणाऱ्या रोगाची) लस मिळाली असेल, तर चिकातून कोकराला संरक्षण मिळतं. तसं नसेल, तर त्याच दिवशी धनुर्वाताचं प्रतिविष द्यायला पशुवैद्यकाला सांगा. गावात डॉक्टर नसेल, तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते.

आजारी, हगवण लागलेलं, बेंबी सुजलेलं कोकरू त्या दिवशी घेऊ नका. पिशवीत आतडं उतरलेलं, म्हणजे अंतर्गळ असलेलं कोकरू तर कधीच नाही. चिमट्यात आतडं सापडलं तर ते वाचत नाही. पिशवीत एकच अंडकोष लागत असेल, तर दुसरा पोटात आहे. अशा नराला पैदाशीला ठेवू नका आणि चिमटाही लावू नका. लवकर विकून टाका.

चिमटा तपासा. कागदाची घडी करून तिच्यात सुती दोरा धरा आणि चिमटा मिटा. दोरा तुटला पाहिजे आणि कागद शाबूत राहिला पाहिजे. कागद कापला गेला तर धार लागली आहे आणि कातडी फाटेल. दोरा तुटला नाही, तर जबडे सैल झालेत. चिमटा ठेवताना नेहमी उघडा ठेवायचा. मिटून ठेवला की पकड ढिली पडते.

वेदनाशामकावर खर्च नको, असं पुष्कळजण म्हणतात. मला ते पटत नाही. दुखणारं कोकरू आईला लुचत नाही, चरत नाही, दिवसेंदिवस मागे पडतं. वेदना कमी केल्या तर ही खोट लवकर भरून निघते. आणि तो फायदा बाजूला ठेवला, तरी बोलता न येणाऱ्या जिवाला आपण जाणूनबुजून दुखवतो आहोत, तर तेवढं आपलं देणं लागतं. पशुवैद्यकाकडून जागा बधिर करणारं इंजेक्शन आणि मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाची मात्रा वजनाप्रमाणे ठरवून घ्या. डायक्लोफिनॅक चुकूनही नको. ते जनावरांसाठी २००६ पासून बंद आहे, कारण असं औषध दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं मरतात. केटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅकवरही त्याच कारणानं २०२३ मध्ये बंदी आली. सह्याद्रीच्या कडेला मेंढरं चारणाऱ्यानं हे विसरू नये.

पायरी ५: चिमट्याचं काम

हे काम पशुवैद्यकाच्या हातून किंवा त्याच्या देखरेखीखाली, शिकलेल्या हातानं व्हावं. आपण काय बघायचं आणि कोकरू कसं धरायचं, हे मात्र प्रत्येक मेंढपाळाला माहीत हवं.

सकाळी, चरायला सोडण्याआधी, कोरड्या जागेत सुरुवात करा. धरणारा माणूस बसतो आणि कोकराची पाठ आपल्या छातीला टेकवून त्याला बसवतो. डावे दोन पाय एका हातात, उजवे दोन दुसऱ्या हातात. कोकरू घट्ट पण श्वास कोंडणार नाही असं धरायचं. बधिर करणारं इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटं थांबा. इथं घाई केली तर औषध फुकट जातं.

मग एका बाजूची नळी बोटांनी चाचपून पिशवीच्या बाहेरच्या कडेला सरकवायची. ती पेन्सिलीच्या शिशासारखी घट्ट लागते. अंडकोषाच्या दोन-तीन सेंटिमीटर वर चिमटा लावायचा, सडाची बोंडं आणि मूत्रनळी बाजूला आहेत याची खात्री करायची आणि मिटून दहा-पंधरा सेकंद धरून ठेवायचं. सोडून, आधीच्या रेघेच्या साधारण एक सेंटिमीटर खाली, त्याच नळीवर पुन्हा एकदा. मिटताना नळी निसटून गेली नाही ना, हे बोटांनी धरून बघत राहायचं. काम फसतं ते बहुतेक वेळा इथंच.

दुसरी बाजू स्वतंत्र करायची. तिची रेघ पहिलीच्या समोरासमोर येऊ द्यायची नाही, थोडी वर-खाली ठेवायची. पिशवीच्या मधल्या कातडीची पट्टी न चिरडलेली राहिली पाहिजे, कारण खालच्या कातडीला रक्त तिथूनच पोचतं. दोन्ही रेघा जोडल्या गेल्या तर पिशवी सडून गळते. दोन्ही नळ्या एकाच दाबात उरकणाऱ्याला हे काम देऊ नका.

कानातल्या बिल्ल्याचा नंबर, तारीख आणि वजन लिहून कोकरू लगेच आईकडे सोडा.

पायरी ६: पुढचे सहा आठवडे

पहिल्या दिवशी कोकरू वेडंवाकडं चालेल, पुन्हा पुन्हा बसेल. दोन-तीन दिवस सूज राहते. या काळात तळ हलवू नका आणि लांबच्या चाली टाळा. खांड हलणारच असेल, तर आधी तळ गाठा आणि मग काम काढा. वाघरीतली जागा कोरडी ठेवा. सूज चौथ्या दिवसानंतरही वाढत असेल, पिशवी थंडगार किंवा काळी पडली असेल, कोकरू लुचत नसेल, तर डॉक्टरला दाखवा. पाय ताठ, जबडा आवळलेला, कान उभे ही धनुर्वाताची लक्षणं. ती दिसल्यावर एक तासही दवडू नका.

सहा आठवड्यांनी प्रत्येक कोकराची पिशवी चाचपा. आत सुपारीएवढी सुकलेली गाठ लागली तर काम झालं. एखादा अंडकोष पूर्ण आकाराचा आणि मऊ-टणक लागला, तर ती बाजू जिवंत आहे. असा नर मेंढ्या गाभण घालू शकतो. त्याला वेगळा काढा आणि डॉक्टरला पुन्हा बघायला सांगा.

खुराक: वाडं आणि भुश्श्याचा धोका

लवकर खच्ची केलेल्या नराची मूत्रनळी अरुंद राहते, कारण तिच्या वाढीलाही तोच संप्रेरक लागतो. त्यात बारीक खडा अडकला की मूत्र तुंबतं आणि जनावर दोन-तीन दिवसांत दगावतं. माळावर चरणाऱ्याला हा त्रास कमी. पण विक्रीआधी बांधून पोसताना आपण गव्हाचा भुस्सा आणि भरडा ढीगभर घालतो. त्यात फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. जोडीला उसाचं वाडं असतं, त्यातलं ऑक्झलेट उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून ठेवतं.

उपाय स्वस्त आहे. एकूण खुराकात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट राहील असं बघा. लसूणघास, शेवरी, सुबाभूळ यांचा पाला कॅल्शियम देतो. मीठ चाटायला ठेवा म्हणजे पाणी जास्त पितील. पाणी दिवसभर समोर हवं. भुस्सा एकदम वाढवू नका, दहा-बारा दिवसांत हळूहळू चढवा, नाहीतर आंत्रविषारही गाठतो. नर कुंथतोय, शेपूट हलवतोय, थेंब-थेंब मूत्र येतंय असं दिसलं तर ती बद्धकोष्ठता समजून तेल पाजत बसू नका.

विक्रीच्या आदल्या दिवसापासून मटण शिजेपर्यंत

जिवंत जनावराच्या स्नायूत ग्लायकोजेन नावाची साखर साठलेली असते. कापल्यावर तिचं आम्ल होतं आणि मांसाचा सामू (आम्लता दाखवणारा आकडा, pH) सातच्या आसपासून ५.५ ते ५.८ पर्यंत उतरतो. त्यामुळे मटण लालसर, मऊ आणि टिकाऊ होतं. जनावर आदल्या रात्री टकरा खेळलं, टेम्पोत उभं राहून थकलं, उपाशी राहिलं, तर ती साखर आधीच संपलेली असते. सामू सहाच्या वर अडकतो, मटण काळपट आणि चिकट दिसतं, लवकर खराब होतं. नरांत हे जास्त होतं, कारण अनोळखी नर एकत्र आले की झुंजणारच. म्हणून वेगवेगळ्या खांडांतले नर एका गाडीत, एका कोंडीत घालू नका. बाजारातून आणलेल्या जनावराला रात्रभर विसावा आणि पाणी द्या. खच्ची कोकरं शांत असतात आणि मटणाच्या प्रतीतला त्यांचा बराचसा फायदा या शांतपणातून येतो.

कापल्यावरची चूक घराघरांत होते. गरम मटण आणून लगेच फ्रीझरमध्ये टाकलं की स्नायू आखडतात आणि ते मटण कितीही शिट्ट्या दिल्या तरी चिवट राहतं. मेंढराचं मटण पातळ चरबीचं असल्यानं लवकर थंड होतं आणि हा धोका वाढतो. एकतर ताजं तासाभरात शिजवा, नाहीतर स्वच्छ, झाकलेल्या थंड जागेत काही तास हळूहळू गार होऊ द्या आणि मगच फ्रीजमध्ये ठेवा. उन्हाळ्यात मात्र ते बाहेर फार वेळ ठेवू नका.

पायरी ७: आपल्याच खांडात पडताळा घ्या

माळ, पाऊस, जात प्रत्येकाची वेगळी, म्हणून शेवटचा निकाल आपल्याच वहीत लागतो. जवळपासच्या तारखांना जन्मलेल्या, सारख्या वजनाच्या नर कोकरांच्या दहा जोड्या लावा. प्रत्येक जोडीतलं एक खच्ची करा, एक तसंच ठेवा. कोणतं खच्ची करायचं ते चिठ्ठी टाकून ठरवा. आपण निवडायला गेलो, तर हात नकळत रोडक्याकडेच जातो. चराई, खुराक, जंताचं औषध सगळं सारखं द्या. दर पंधरवड्याला सकाळी, चरायच्या आधी, त्याच काट्यावर वजन करा. भरल्या पोटाचं आणि रिकाम्या पोटाचं वजन सहज दीड-दोन किलोंनी हलतं आणि तिथंच खरा फरक बुडून जातो.

विकताना जिवंत वजन, मिळालेला दर आणि खाटकाकडून कळलेला उतारा, तिन्ही लिहा. प्रत्येक गटातल्या निदान दोन जनावरांच्या मांडीचं आणि बरगडीचं मटण घरी आणा, तेवढंच मीठ, तेवढीच हळद घालून वेगवेगळ्या भांड्यांत अळणी शिजवा. भांड्यांवर फक्त नंबर घाला आणि घरातल्या चार-पाच जणांना आधी वाफेचा वास, मग पाणी, मग मटण अशा क्रमानं चाखायला द्या. कुणाचं कोणतं हे सांगू नका. प्रत्येकाचं मत वहीत लिहून झाल्यावरच नंबर उघडा आणि पुढच्या कार्तिकात किती कोकरं खच्ची करायची तो आकडा त्याच पानावर खाली लिहून ठेवा.